वाकळीचा कोपरा

आमच्या घरातली पुढची खोली दोन बायकांची आहे आणि त्या खोलीवरून दोघींचं कधी पटलेलं नाही. खिडकीपाशी माझं ब्लाउज शिवायचं मशीन. उरलेल्या सगळ्या जागेत माझ्या सासूबाईंची, म्हणजे जगदेवी आत्यांची, गाठोडी. आत्या हातानं वाकळा शिवतात. लातूरसारख्या शहरात आता वाकळ कोण पांघरतं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एक दिवस आमच्या दारात येऊन बसावं. कुणी गेलेल्या आईची लुगडी घेऊन येतं, कुणी नातवाची झबली आणतं, आणि आत्यांना नाही म्हणता येत नाही. नाही न म्हणता घेतलेलं सगळं त्या खोलीत साठतं. भिंतीला टेकून गाठोडी, गाठोड्यांवर कापलेल्या पट्ट्या, पट्ट्यांत कुठंतरी आत्यांचा चष्मा आणि चष्म्याच्या आसपास सुया. माझ्या गिऱ्हाइकाला बसा म्हटलं की ते आधी खाली नीट बघून घेतं, कारण एकीला सुई टोचलेली आहे.

गेल्या आठवड्यात एका नवरीचं ब्लाउज या पसाऱ्यात गडप झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते एका गाठोड्याखाली चुरगळलेलं सापडलं आणि नवरीच्या आईनं मला दारात उभं राहून जे काही ऐकवलं, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्या संध्याकाळी मी कंबर कसली. ही खोली आवरणार म्हणजे आवरणार, असं आत्यांना सांगून टाकलं.

"आवर की," त्या म्हणाल्या. "माझ्या गठुड्याला हात लावू नगं, बाकी काय बी आवर."

आता गाठोडी सोडली तर त्या खोलीत बाकी राहतं काय, तर छत आणि पंखा. मी मनातल्या मनात हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून जमेल तसं एकेक कोपरा उपसायला घेतला.

हे घडलं त्या सकाळी मी उपसणं जवळजवळ संपवत आणलं होतं. नांदेडहून धम्मप्रिया आली होती. ती बौद्ध घरातली, तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. तिची आई नागुबाई आणि आत्या या दोघींनी आमच्या याच खोलीत समोरासमोर बसून वर्षानुवर्षं वाकळा शिवल्या. नागुबाई दिवाळीआधी गेल्या. त्यांच्या लुगड्यांची वाकळ आत्यांनी शिवायला घेतली होती, तीच न्यायला धम्मप्रिया आदल्या दिवशी येऊन मुक्कामाला राहिली होती. दुपारी तिला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं, म्हणून सकाळचीच गाडी गाठायची होती, आणि वाकळीचा एक कोपरा अजून उघडा होता.

हा शेवटचा कोपरा आमच्याकडे मुद्दाम मागं ठेवतात. त्यात ज्वारीचे मूठभर दाणे पांढऱ्या मलमलीच्या फडक्यात बांधून घालायचे आणि मगच टाके बंद करायचे. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही, असं आत्या मानतात, नागुबाईही मानायच्या. त्या कोपऱ्याला त्या दोघी अन्नाचा कोपरा म्हणायच्या. दाण्यांची पुरचुंडी आत्यांनी बांधून शेजारी ठेवलेली होती. आत्या त्या कोपऱ्यावर वाकल्या आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या गळ्यातला दोरा तुटला.

दोरा म्हणजे शिवदारा. आम्ही लिंगायत. आत्यांच्या बारशाच्या वेळी तेव्हाच्या स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग त्या दोऱ्यात असतं, पूजेला ते डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि ते अंगावर नसेल तर आत्या पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. लिंग त्यांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं, जवळच्याच पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यात बांधलं आणि हात लांब करून पुरचुंडी माझ्या मशीनच्या फळीवर ठेवली. अंघोळ करून आल्यावर नवा दोरा ओवायचा, असा त्यांचा विचार.

"अंबिका, फळीवर ठिवलंय बघ. तिथं हात लावू नगं," त्या म्हणाल्या.

मी हूं म्हटलं. हात लावू नको हे मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते कानात शिरतच नव्हतं.

आत्यांनी घाईघाईनं कोपरा शिवला, लाल दोऱ्याची गाठ मारली, धम्मप्रियानं वाकळ पिशवीत कोंबली आणि अमरेशनं, माझ्या नवऱ्यानं, तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. आत्या अंघोळीला गेल्या. गल्लीत चिंध्यावाल्याची हाक आली. मी म्हटलं, हीच वेळ आहे. कोपऱ्यात उरलेलं, मशीनखालचं, फळीवरचं सगळं दोन पोत्यांत भरलं आणि त्याच्या गाड्यावर चढवलं. फळी पुसून घेतली. कितीतरी दिवसांनी तिच्यावरचा सनमायका दिसला आणि मला खरंच आनंद झाला.

मग आत्यांना इन्सुलिन दिलं. ते रोज मीच देते. अंघोळ, सुई, पूजा आणि पूजेवरून उठलं की ताट, असा आमचा क्रम ठरलेला. साखरेनं त्यांच्या बोटांची टोकं बधिर झालेली आहेत, त्यांना स्वतः टोचून घेता येत नाही. सुई दिली, उपमा ताटलीत काढला, झाकून ठेवला. आत्या देवघरासमोर पाटावर बसल्या.

"अंबिका, फळीवरची पुरचुंडी दे गं, आन् नवा दोरा बी."

मी खोलीत गेले. फळी चकचकीत होती.

मी मशीनचा खण उघडला, बंद केला, परत उघडला. मशीनमागं जाईल तेवढा हात घातला. बाहेर येऊन आत्यांसमोर उभी राहिले.

"चिंध्यावाला आला होता," मी म्हटलं. एवढंच.

आत्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोकळा गळा एकदा चाचपला आणि म्हणाल्या, "अमऱ्याला धाड त्याच्या मागं."

अमरेश स्टँडवरून परत येऊन स्कूटर लावतच होता, तो तसाच माघारी वळला. मी ताटली आत्यांच्या पुढ्यात ठेवली. "आत्या, सुई दिली आहे. तुम्ही आधी खाऊन घ्या. तोवर ते आणतील."

"लिंग अंगावर न्हाई."

"म्हणूनच म्हणते, सापडेल, पण..."

"सापडल तवा खाईन."

आमच्या आत्या तशा भांडकुदळ नाहीत. पण एकदा आवाज खाली आणून बोलल्या की संपलं, मग कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. मी स्वामींना फोन लावला. ते उदगीरला कुणाच्या वास्तुशांतीला गेलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, जगदेवीला खाऊ दे, यात दोष नाही, मी संध्याकाळी येऊन नवं लिंग देतो. मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून घेतलं, हाव म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

"ऐकलंत ना? खा आता."

"नवं घ्यायचं तर जुनं गेलं असं म्हणावं लागतंय. म्या म्हणत न्हाई."

डॉक्टरांना फोन केला. ते माझ्यावरच चिडले. इन्सुलिन टोचून उपाशी कसं ठेवलंत, आत्ताच्या आत्ता साखर द्या, शुद्ध गेली तर तोंडात काही घालू नका, तशाच उचलून आणा. मी साखरेचा डबा घेऊन आत्यांसमोर बसले. चमचा ओठाला लावला. त्यांनी दात घट्ट मिटले. मी जोर केला तशी साखर पदरावर सांडली. सासूच्या तोंडात बळजबरीनं चमचा कोंबताना मला माझीच शिसारी आली, पण तरी मी दुसऱ्यांदा कोंबला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

अमरेशचा फोन आला. चिंध्यावाला गंजगोलाईच्या अलीकडे सापडला होता. "दोन्ही पोती रस्त्यावर ओतलीत," तो म्हणाला. "एकेक चिंधी झटकून बघायलोय. मलमलीचा तुकडा बी न्हाई त्यात. तू घरात बघ."

"मी बघितलं."

"परत बघ, अंबिका."

मग मी खोलीत घुसले. आठवडाभर जी खोली मी ओठ चावत, घड्या घालत, कुरकुरत आवरली होती, ती आता दोन्ही हातांनी उधळायला लागले. आवरलेली खोली विस्कटायला असा किती वेळ लागतो? गाठोड्यांच्या गाठी दातांनी सोडल्या. आत्यांनी ज्यांना हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, ती एकूण एक गाठोडी उघडली. कुणाच्या सासूची इरकल, कुणाच्या बापाचं धोतर, लहान लेकरांच्या टोप्या, सगळं झटकून मागं टाकत गेले. झटकलेलं एका बाजूला, न झटकलेलं दुसऱ्या बाजूला. मला स्वतःचाच राग येत होता, आणि खरं सांगायचं तर आत्यांचाही येत होता. अंगावरचं लिंग कुणी शिवणाच्या फळीवर ठेवतं का? आणि ठेवलं तर आता जिवावर उदार व्हायची काय गरज? मी त्यांना मारलं असंच उद्या सगळी गल्ली म्हणणार. गल्ली काय, मीच म्हणणार.

दर थोड्या वेळानं मी दारातून डोकावत होते. आत्या पाटावरच होत्या, पण आता भिंतीला टेकल्या होत्या. हात मांडीवर थरथरत होते.

"आत्या?"

"नागू आली का?" त्या म्हणाल्या.

नागुबाईंना जाऊन कितीतरी महिने झाले होते.

मी मशीन ओढलं. बिडाचं जड मशीन, एकटीनं कधी हललं नव्हतं, ते हललं. त्याच्या पायट्यामागं, भिंतीच्या कडेला, पांढऱ्या मलमलीची पुरचुंडी पडलेली होती, फळी रिकामी करताना मागं घसरलेली.

मी ती उचलली आणि धावत आत्यांकडे आले. "सापडलं, आत्या, सापडलं." त्यांनी मान उचलली. मी त्यांच्या समोरच गाठ सोडली आणि फडक्यातून ज्वारीचे दाणे माझ्या हातावर, तिथून पाटावर घरंगळले.

आम्ही दोघी त्या दाण्यांकडे बघत बसलो. आधी मला काहीच उमजलं नाही, मग एकदम सगळं उमजलं. दाणे घरात होते. म्हणजे वाकळीत दाणे नव्हते. फळीवर हात लांब करून आत्यांनी जे ठेवलं ते दाणे होते आणि पुढ्यात राहिलेली दुसरी पुरचुंडी त्यांनी बधिर बोटांनी कोपऱ्यात घालून वरून टाके मारले होते. क्षणभर मला हायसं वाटलं, की मी केलं नाही, माझ्या हातून घडलं नाही. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची एवढी लाज वाटली की मी तोंड फिरवून फोन शोधायला लागले.

धम्मप्रियाचा फोन लागेना. पहिल्यांदा कव्हरेजच्या बाहेर. दुसऱ्यांदा वाजत राहिला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागं गाडीची घरघर.

"धम्मप्रिया, वाकळ कुठं आहे?"

"मांडीवर. चाकूर गेलं आत्ता. का गं?"

"अन्नाचा कोपरा चाचपून बघ."

वाकळ उलगडल्याची सळसळ. मग ती म्हणाली, "कडक लागतंय. दाणे न्हाईत हे."

मी फोनचा स्पीकर लावला आणि तो आत्यांच्या मांडीजवळ धरला. काय झालं ते जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं.

"उसव, बाई," आत्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. "फाडू नगं. लाल दोऱ्याची गाठ हाय... ती दातानं तोड... आन् धागा वढ. सरळ येतोय. म्या उलटी गाठ मारत न्हाई."

"मावशीची जीभ अशी का अडखळतीय?" धम्मप्रियाचा आवाज बदलला. "अंबिका, सुई दिलीस का सकाळी?"

"दिली आहे."

"खाल्लं काय?"

"काहीच नाही. पाणीसुद्धा नाही."

फोनमधून लुगडं फाटल्याचा आवाज आला, सरळ, लांब. तिच्या आईचं लुगडं. गाडीत कुणीतरी, काय झालं बाई, असं विचारत होतं.

"काढलं," ती म्हणाली. "लिंग माझ्या हातात हाय, मावशी. आता साखर खा."

"आण. अंगावर येऊ दे... मग खाते."

"म्या उतरून परतीची गाडी धरते. पण तोवर तुमचं काय खरं न्हाई. म्या रोज बघते असले पेशंट."

"येऊ दे," आत्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटायला लागले. मी त्यांचा खांदा हलवला. अमरेश दारात येऊन उभा होता, रिकाम्या हातांनी, बनियनपर्यंत घामानं भिजलेला. त्यानं मला खुणेनं विचारलं, उचलू का. मी मान हलवली, उचल. तो वाकला.

"मावशी, ऐका," फोन म्हणाला. गाडी थांबली असावी, कारण आता आवाज स्वच्छ येत होता. "आई गेली त्या दिवशी मला पोटाशी धरून तुम्ही काय म्हणलात? नागू गेली तरी तुझी माय जित्ती हाय, असं म्हणलात. समद्यांसमोर. मग लेकीचं अंग आन् मायचं अंग येगळं हाय का? लिंग माझ्या हातात हाय. म्या मूठ मिटलीय. तुमच्या गळ्यात जाईस्तवर खाली ठेवणार न्हाई. एक तर खा, न्हाईतर सांगा की तवा उगं बोलायचं म्हणून बोलले."

अमरेश तसाच वाकलेला थांबला. आत्यांचे ओठ हलले. काय म्हणतात ते ऐकायला मी कान अगदी जवळ नेला.

"कंच्या हातात?"

मी फोनमध्ये तसंच विचारलं.

"उजव्या."

"डाव्यात घे."

"घेतलं."

आत्यांनी तोंड उघडलं. मी चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, मग अजून एक, मग गूळपाण्याचा घोट. त्यांनी गिळला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं थोडं थोडं देत राहिले. कपाळावरचा घाम पुसत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडून पुढची खोली बघितली, उघडी गाठोडी, लुगड्यांचा ढीग, आडवं ओढलेलं मशीन.

"काय करायलीस हे?" त्या म्हणाल्या. मला त्यांचा आवाज ओळखू आला आणि मी तिथंच खाली बसले.

धम्मप्रिया आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. रिक्षातून उतरताना तिनं उजव्या हातानं पिशवी आणि वाकळ दोन्ही छातीशी धरली होती. डावी मूठ मिटलेली. परतीची गाडी गच्च भरलेली होती म्हणे. तिकिटाचे पैसे काढायला हात मोकळा नव्हता, कंडक्टरनं विचारलं हातात काय आहे, तर तिनं सांगितलं, मावशीचं औषध आहे. शेजारच्या बाईनं तिच्या पर्समधून पैसे काढून दिले. दवाखान्यात तिनं फोन करून ड्यूटी बदलून घेतली होती. चप्पल दारात काढून ती सरळ आत्यांसमोर येऊन बसली आणि मूठ पुढं केली.

बोटं उघडेनात. इतका वेळ आवळून धरलेली होती. आत्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट हळूहळू सरळ केलं. तळहातावर लिंग होतं आणि त्याच्या भोवती लालभडक गोल वळ उमटला होता.

धम्मप्रिया थोडी अवघडली. "मावशी, एक सांगते. म्या हात जोडले न्हाईत. आमच्यात ते चालत न्हाई. नुसतं धरलं."

"धरायचंच असतंय ते, बाई," आत्या म्हणाल्या.

त्यांनी लिंग उचलून आपल्या डाव्या तळहातावर घेतलं. पण ते डोळ्यांना लावायच्या आधी त्यांनी धम्मप्रियाचा तो रिकामा हात ओढून घेतला आणि वळ उठलेला तळवा आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. मग लिंग लावलं. मला रडू आवरेना, म्हणून मी उपम्याची ताटली उचलून गरम करायला आत गेले.